चिंचेने घासलेलं पिस्तूल

आमच्या घरात खोटं बोलायचं खातं माझ्याकडे आहे. पाहुण्यांना "छे हो, कसला त्रास" म्हणायचं, शेजारणीच्या दगडासारख्या केकला "मस्त फुललाय" म्हणायचं, माहेरच्या फोनवर "इथे आता उकाडा तितकासा नाही" म्हणायचं, हे सगळं मी बघते. नवऱ्याला ते जमत नाही. तो टर्नर आहे. ओमानमधल्या सोहार औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये एकवीस वर्षं लेथवर उभा आहे, आणि मिलिमीटरचा शंभरावा भाग ही त्याच्या लेखी ढळढळीत दिसणारी गोष्ट आहे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी मोठ्या हौसेने विचारलं होतं, पोळ्या कशा झाल्यात. त्याने एक पोळी उचलली, अंगठ्याने कडेकडेने चाचपली आणि म्हणाला, "एका बाजूला जाड आहे." मी रडले. तो गडबडून म्हणाला, "पण चव चांगली आहे." ते त्याने मला बरं वाटावं म्हणून म्हटलेलं नव्हतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

तोंडावर मी त्याला अहोजाहो करते. लिहिताना 'तो' म्हणते. कागदावर तेवढी सूट घेते.

रविवार ते गुरुवार तो सोहारला कंपनीच्या खोलीत राहतो. मी आणि मुलगी मस्कतमध्ये दार्सैतला, कारण मुलीची शाळा इकडे आणि माझी नोकरीही इकडेच, एका दवाखान्यात, काउंटरवर. गुरुवारी संध्याकाळी तो येतो, पिशवीभर धुवायचे कपडे घेऊन. त्या गुरुवारी कपड्यांच्या खाली टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी निघालं. बरोबर एक प्लास्टिकची फाइल. फाइल त्याने नीट टेबलावर ठेवली, टॉवेलाचं गाठोडं कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं आणि म्हणाला, "ह्याला हात लावू नकोस."

"काय आहे?"

"पिस्तूल."

गॅसचं बटण बंद केलंय का, हे बघायला जिन्यावरून तीनदा परत येणारा माणूस हा. मी खुर्चीत बसले. बारावीतली मुलगी खोलीतून बाहेर आली आणि म्हणाली, "बाबा, इज इट ईव्हन लीगल?"

त्याने फाइल उघडून पोलिसांचा कागद दाखवला. पिस्तुलाचा, गोळीला ठोका देणारा आतला टोचा फार पूर्वीच कापून टाकलेला होता, त्यातून आता काही उडणं शक्य नव्हतं. "तुझ्या कुकरचा धोका ह्याच्यापेक्षा जास्त आहे," तो मला म्हणाला. तो विनोद करत नव्हता. त्याने बहुधा मनात दोन्हीचा हिशेब मांडून पाहिला होता.

पिस्तूल मोठ्या अर्बाबांचं होतं. वर्कशॉपच्या मालकाला सगळे अर्बाब म्हणतात, त्यांचे वडील म्हणून हे मोठे अर्बाब. वय ऐंशीच्या पुढे, मुक्काम सीबला जुन्या बाजाराच्या मागे. तरुणपणी खजुराच्या धंद्यात मुंबईत दहा वर्षं काढलेली, त्यामुळे त्यांची हिंदी आपल्या कुठल्याही टॅक्सीवाल्याइतकी पक्की. ते बोलले ते सगळं इथे मी मराठीतच लिहिते.

त्यांचे वडील दुसऱ्या महायुद्धात एका मालवाहू बोटीवर होते. बॉयलरपाशी कोळसा टाकायचं काम. युद्ध संपल्यावर घरी आले ते हे पिस्तूल घेऊन. भूमध्य समुद्रावरच्या कुठल्याशा बंदरात मिळालं म्हणे. आणि त्याबरोबर एक गोष्टही आली, की ह्या पिस्तुलाने त्यांनी शत्रूचा रणगाडा फोडला. गावातली माणसं हसली. बोटीच्या पोटात कोळसा टाकणाऱ्याला रणगाडा कुठे भेटला, असं विचारू लागली. रणगाड्याला अरबीत दब्बाबा म्हणतात. वडिलांचं नाव पडलं अबू दब्बाबा, रणगाड्याचा बाप. ते वारले तरी नाव मेलं नाही. मोठ्या अर्बाबांचा एक चुलतभाऊ आहे, त्यांच्याच वयाचा. तो रोज असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर कॉफीला येतो आणि आजही ह्यांना अबू दब्बाबाचा मुलगा म्हणतो. आता नातवंडंही म्हणायला लागली होती.

"माझा बाप खोटारडा नव्हता," मोठे अर्बाब माझ्या नवऱ्याला म्हणाले होते. "तू हे घेऊन जा. नीट बघ. हे रणगाडा मारायचं हत्यार आहे की बोटीवरचं साधं सिग्नलचं पिस्तूल आहे, ते मला सांग. मी डोळे मिटायच्या आत मला ते कळू दे."

हे काम त्यांनी त्यालाच का सांगितलं, तेही ऐकण्यासारखं आहे. काही वर्षांपूर्वी त्यांच्या आवडत्या जुन्या गाडीचा एक शाफ्ट वर्कशॉपमध्ये आला होता. बाकीचे सगळे "इन्शाल्ला, होऊन जाईल" म्हणत होते. आमच्या घरच्या साहेबांनी माप घेतलं आणि मालकाच्या वडिलांना सरळ सांगितलं, "हा मेलाय." वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी श्वास रोखला. मोठे अर्बाब म्हणाले, हाच एक माणूस माझ्या कामाचा आहे.

आणि आता तोच माणूस आमच्या स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून सांगत होता, "साधं सिग्नलचं आहे गं. बोटीवर असतं ते. संकटात सापडलं की आकाशात लाल उजेड सोडायचा. आमच्याकडे लाइफबोटींचं सामान येतं, त्यात अशी दहा-बारा बघितलीत मी. नळीचं तोंड हे एवढं रुंद. ह्यातून गोळी नाही, फटाका जातो."

"मग काय सांगणार त्यांना?"

"जे आहे ते. शनिवारी सोहारला जाताना सीबला थांबून सांगणार."

मी त्याला समजावलं. म्हटलं, अहो, म्हातारा माणूस आहे, बापाच्या नावासाठी तळमळतोय. "सांगता येत नाही, असंही असू शकेल" एवढं म्हणायला तुमच्या बापाचं काय जातं? त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला मापाचा व्हर्नियर वाकवायला सांगितला. "त्यांनी मला खरं विचारलंय," तो म्हणाला, आणि जेवायला बसला. मी त्या रात्री त्याला आमटी वाढताना जरा दुरूनच वाढली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, सुट्टीचा, आणि खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा. परदेशात आमची हत्यारं म्हणजे काय, तर भाजीची सुरी, बॅगेत साडीत गुंडाळून आणलेली विळी, कात्री, नवऱ्याचा व्हर्नियर, मुलीचा लॅपटॉप, आणि दवाखान्यातून एका दिवसासाठी घरी आणलेलं माझं पंचिंग मशीन. दरवर्षी ही फौज पाटावर मांडताना मला मनातून थोडं ओशाळल्यासारखं होतं. माझ्या सासरी म्हणे पूर्वी तलवार पुजायचे. मला तर वाटतं तो कोयता असावा, पण सासरबद्दल मी फार बोलत नाही.

नवरा खालच्या शेजाऱ्याबरोबर कृष्णमंदिरात गेला होता. मी पाटाखाली रांगोळी काढली, झेंडूची फुलं निवडली, आणि सुरी घासता घासता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. संसाराच्या सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच आपल्या घरात एक खरं शस्त्र आलंय, आणि ते खंडेनवमीला कपाटात टॉवेलात पडून राहणार? कोणाचं का असेना, शस्त्र ते शस्त्र. हात लावू नकोस म्हणाला होता, पण तो तर इस्त्रीलाही हात लावू नकोस म्हणतो.

मी ते बाहेर काढलं. इतकं काळंकुट्ट की बघवेना. जागोजागी डाग, नळीच्या तोंडाजवळ तर काजळीच साचलेली. असलं अस्वच्छ शस्त्र देवासमोर कसं ठेवायचं? काळं म्हणजे मळ, हे मला माहेरी पक्कं शिकवलेलं आहे. मी चिंच भिजत घातली. चिंच आणि मीठ लावून पिस्तूल सगळीकडून चोळलं, थोडा वेळ तसंच ठेवलं आणि तारेची घासणी घेऊन बसले. सुरुवातीला निघेना. मग मी पेटलेच. देव्हाऱ्यातली समई घासावी तसं घासलं, नळीच्या आतून बाटल्यांचा ब्रश फिरवला, कोपऱ्याकोपऱ्यात दात घासायचा जुना ब्रश घातला. अर्ध्या तासाने ते पांढुरकं, लखलखीत निघालं. मी पुसून पाटावर ठेवलं, वर एक झेंडू ठेवला आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

मुलगी आंघोळ करून आली. "आई," ती म्हणाली, "यू स्क्रब्ड अ गन?" मग तिने लगेच फोटो काढला.

नवरा प्रसादाचा द्रोण घेऊन दारातून आत आला. चप्पल काढता काढता त्याची नजर पाटावर गेली. त्याने एक चप्पल काढली, दुसरी पायातच राहिली.

"हे काय?"

"पिस्तूल," मी म्हटलं. "किती घाण होतं, बघितलंत का?"

तो ओरडत नाही. ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि खाली बसला. "तो मळ नव्हता," तो म्हणाला. "लोखंडाला गंज धरू नये म्हणून काळा मुलामा देतात, तो होता. आणि पुढे ते काळं होतं ना, तो धूर. रणगाडा फोडला तेव्हाचा. मोठे अर्बाब घरी येणाऱ्या प्रत्येकाला तो दाखवतात. बोटाने दाखवतात. आता त्यांना दिसत नाही नीट, तरी जागा पाठ आहे."

 ऐंशी वर्षं एका घराने जपलेलं मी अर्ध्या तासात बेसिनमधून सोडून दिलं होतं. एका म्हाताऱ्या माणसाकडे बापाच्या बाजूने बोलणारी एकच खूण होती, आणि ती मी दात घासायच्या ब्रशने काढली होती. मला रडूच आलं. मुलीने फोन खाली ठेवला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पूजा तशीच राहिली.

तासाभरात पिस्तुलावर तांबूस गंज फुलायला लागला. आमच्याकडच्या समुद्राच्या हवेत उघडं लोखंड दम धरत नाही. नवऱ्याने शिलाई मशीनचं तेल मागितलं आणि एका फडक्याने ते पिस्तुलाला चोळू लागला. माझ्याशी बोलत नव्हता, पण रागानेही नाही, हाताला काम मिळालं की त्याचं तोंड आपोआप बंद होतं. नळीच्या तोंडाशी त्याचं बोट आलं आणि थांबलं. त्याने परत फिरवलं. मग मला म्हणाला, "अगं, बॅटरी आण."

मी धावत आणली.

"इथे बघ. ही गोल रेघ दिसते?"

नळीच्या जाडीत एक केसाएवढी बारीक रेघ होती, पूर्ण गोल फिरलेली. बाहेरचा धातू एका रंगाचा, आतला दुसऱ्या.

"ही नळी एक नाहीये. आत दुसरी नळी बसवलीय. स्लीव्ह. काजळीने भरलं होतं म्हणून मला दिसलंच नाही." त्याचा आवाज बदलला होता. त्याने नळीत उजेड टाकला आणि बराच वेळ एका डोळ्याने आत बघत राहिला. "आणि आतल्या नळीला खाचा आहेत. पिळाच्या."

"मग?"

"मग काय? फटाका आकाशात सोडायला पीळ कशाला लागतोय? तो कुठेही गेला तरी दिसल्याशी कारण. पीळ असला की आतली वस्तू गरगर फिरत जाते, आणि फिरत गेली की सरळ जाते. ज्याला नेमकं मारायचंय, तोच पीळ पाडतो."

मुलीने तोवर फोनवर शोधायला सुरुवात केली होती. तिचं मराठी अडखळतं, पण उत्साह आला की ती अडखळतच धावते. "बाबा, हे बघा, सेम आहे. जर्मन लोकांनी वॉरमध्ये सिग्नल पिस्तूलमध्ये असं ट्यूब टाकायचं. रणगाड्याला मारायला. इथे वर साइट, आय मीन, नेम धरायचं लावायचे, आणि मागे खांद्याला टेकवायचा फोल्डिंग दांडा." नवऱ्याने पिस्तूल उलटं केलं. मुठीच्या मागे चिमट्याने घट्ट धरल्यासारखे दोन ओरखडे होते. दांडा कधीतरी तिथे बसत होता, आता नव्हता.

मग त्या शुक्रवारी आमच्या घरात महायुद्ध चाललं. मुलगी वाचत होती, नवरा समजावून सांगत होता आणि मी पुरणाचा कुकर विसरले होते. मला समजलं ते असं. रणगाडे जाड होत गेले, सैनिकांच्या हातातल्या बंदुका त्यांच्यापुढे खडे मारल्यासारख्या झाल्या, आणि मोठी हत्यारं सगळ्यांना पुरेनात. तेव्हा कोणीतरी म्हणालं, आपल्याकडे ही उजेड सोडायची पिस्तुलं ढिगाने पडलीत, ह्यांनाच कामाला लावा. पुढून एक मोठ्या अंड्याएवढा बाँब लावायचा. तो नळीत मावायचा नाही, त्याची फक्त शेपटी आत जायची आणि डोकं बाहेर. जर्मन माणूस म्हणजे शिस्त, म्हणजे यंत्र, असं मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्यांनी दिवाळीच्या बाणाला रणगाड्यावर पाठवलं, हे ऐकून मला ते लोक एकदम चुलत दीर असल्यासारखे वाटायला लागले. माझ्या धाकट्या दिराने मिक्सरच्या मोटरवर पंखा चालवला होता.

"चालायचं का पण ते?" मी विचारलं.

"फारसं नाही," नवरा म्हणाला. त्याच्याकडून दुसरं काय येणार. "अगदी जवळ जावं लागायचं. तेही बाजूच्या पातळ पत्र्यावर बसलं तर. पुढून मारलं तर रणगाड्याला कळलंही नसतं. आणि मारणाऱ्याचा खांदा निखळायचा तो वेगळाच."

"म्हणजे फोडू शकलं असतं."

त्याने नळीत पुन्हा एकदा उजेड टाकला. "फोडू शकलं असतं," तो म्हणाला. "फोडलं की नाही, ते ह्यावर लिहिलेलं नाही."

शनिवारी दुपारी आम्ही तिघं सीबला गेलो. मी हट्टाने गेले. चूक माझी, तर तोंडही मीच दाखवायला हवं. वाटेत पिस्तूल माझ्या मांडीवर होतं, तेलाच्या फडक्यात, आणि मी मनातल्या मनात माफीची वाक्यं हिंदीत जुळवत होते. नवरा गाडी चालवत होता. "फार लांबवू नकोस," तो म्हणाला, "पहिलं वाक्य पुरे."

मोठे अर्बाब बैठकीत गाद्यांवर बसले होते. अंगात पांढरा झगा, डोक्यावर भरतकामाची टोपी, अंगाने पार वाळलेले. डोळ्यांत मोतीबिंदूची साय. आम्हाला बसवलं, खजूर पुढे केले, कॉफी ओतली. मी कप हातात घेतलाच नाही. म्हटलं, "बाबा, मी तुमचं पिस्तूल धुतलं. सगळं काळं गेलं. धूरही गेला."

त्यांनी हात पुढे केला. मी पिस्तूल त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाचपलं, मग नाकाशी नेऊन हुंगलं.

"तमर हिंदी?" त्यांनी विचारलं. म्हणजे चिंच.

"हो."

ते हसायला लागले. आवाज न करता, खांदे हलवत. "माझी आई कॉफीची किटली ह्यानेच घासायची," ते म्हणाले. मग हसू ओसरलं. नळीच्या तोंडाशी, जिथे तो डाग होता, तिथे त्यांनी अंगठा ठेवला. "बेटी, तू वाईट वाटून घेऊ नको. तो धूर रणगाड्याचा नव्हता. आईच्या चुलीवर मी धरलं होतं हे. लहान होतो."

 नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मुलगी खजूर चघळायची थांबली.

"आता तू सांग," मोठे अर्बाब त्याला म्हणाले. "काय आहे हे?"

माझ्या नवऱ्याने सांगितलं नाही. तो उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला, त्यांचं उजव्या हाताचं बोट धरलं आणि नळीच्या तोंडात घातलं. "फिरवा," तो म्हणाला. "पीळ लागतो का बोटाला?" म्हाताऱ्याने बोट फिरवलं. हळूहळू, एकदा एका बाजूने, एकदा दुसऱ्या. "बोटीवरच्या पिस्तुलाला असं नसतं. हे नंतर बसवलंय. हे रणगाड्यासाठीच केलेलं आहे. मी आधी चुकलो होतो. हिने घासलं नसतं तर मी तुम्हाला चुकीचं सांगून गेलो असतो." मग त्याने पुढचंही सांगितलं, सगळं, जवळून मारावं लागायचं ते, पातळ पत्रा ते, फारसं चालायचं नाही ते. मी त्याला डोळ्यांनी खुणावत होते, पुरे, पुरे. तो कसला थांबतोय.

मोठे अर्बाब बोट तसंच आत ठेवून बसले होते. मग बोलले, आवाज अगदी खाली आणून.

"आठ वर्षांचा होतो. बाप नुकता बोटीवरून आला होता. दुसऱ्या मुलांचे बाप शिकारी होते, कोणाचा बाप भांडणात जखमी झालेला. माझा बाप कोळसा टाकायचा. मी मुलांना सांगितलं, माझ्या बापाने ह्याने रणगाडा फोडला. रणगाडा म्हणजे काय, हे मलाही माहीत नव्हतं, बोटीच्या गोष्टींत शब्द ऐकलेला. चुलीवर धरून धूर लावला आणि सगळ्यांना दाखवला. मुलांनी घरी सांगितलं. संध्याकाळी माणसं कॉफीला बसली होती, त्यात एकाने बापाला विचारलं, हे खरं का? मी दारात उभा होतो. बापाने माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, हो."

त्यांनी बोट बाहेर काढलं. बोटाला तेल लागलं होतं.

"त्या दिवसापासून तो अबू दब्बाबा झाला. मरेपर्यंत लोक हसले. एकदाही त्याने म्हटलं नाही, की हे पोरगं बोललं. मला घरातही कधी बोलला नाही. मी मोठा झालो, मुंबईला गेलो, परत आलो, धंदा केला. सांगेन, सांगेन म्हणता म्हणता तो गेला. म्हणून तुला विचारलं. निदान हे रणगाड्याचं हत्यार निघालं, तर तो अगदीच खोटा ठरणार नाही."

मला दवाखान्यात रोज माणसं रडताना दिसतात. तरी मी मान वळवली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले. ह्या माणसाला आम्ही थोरामोठ्यांत बसणारा, कोणालाही न घाबरणारा म्हणून ओळखत होतो. आठ वर्षांचं ते पोर एवढी वर्षं त्यांच्या आत दारातच उभं होतं, आणि त्याला कोणी आत बोलावलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर काठी वाजली. चुलतभाऊ आला. असरचा नमाज झाला होता, त्याची रोजची वेळ. जाडजूड, खुशालचेंडू म्हातारा. आम्हाला सलाम केला, गादीवर ऐसपैस बसला, कॉफीचा पहिला कप एका घोटात संपवला आणि मग त्याला पिस्तूल दिसलं.

"अरे वा," तोही हिंदीतच म्हणाला, मुंबईला दोघे बरोबरच होते. "अबू दब्बाबाची तोफ नवीकोरी झाली की." आणि माझ्या नवऱ्याकडे वळला. "तूच ना तो वर्कशॉपवाला, जो कधी खोटं बोलत नाही? ह्याने तुझं फार कौतुक सांगितलंय. मग सांग बघू. बोटीचं आहे ना हे?"

"नाही," नवरा म्हणाला. "रणगाड्यासाठीच केलेलं आहे." आणि त्याने त्याचंही बोट नळीत घालायला लावलं.

चुलतभावाने बोट फिरवलं. चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. पण एवढ्या वर्षांची सवय, ती काय एका बोटाने जाते. "ठीक आहे," तो म्हणाला. "हत्यार खरं. पण तू सांग, तुझं ऐकेन मी. ह्याच्या बापाने रणगाडा फोडला का?"

मी नवऱ्याकडे बघितलं. मला माहीत होतं तो काय म्हणणार. त्यावर लिहिलेलं नाही, असंच म्हणणार. आणि ते ऐकून हा म्हातारा पुन्हा खो खो हसणार, आणि उद्यापासून सगळं परत सुरू. सव्वीस वर्षं मी ह्या माणसाच्या खरेपणाला हसत आलेय, चिडत आलेय, पण त्या क्षणी मला त्याची मनापासून भीती वाटली.

नवऱ्याने मोठ्या अर्बाबांकडे बघितलं. त्यांच्या साय धरलेल्या डोळ्यांना ते दिसलं की नाही, मला ठाऊक नाही. मग तो चुलतभावाकडे वळला.

"हो," तो म्हणाला.

माझा धक्का लागून समोरचा कॉफीचा कप साडीवर सांडला. मुलीने तोंड उघडं टाकून बापाकडे बघितलं. तो मान खाली घालून फडक्याची घडी करत होता, चारी टोकं जुळवून, आणि त्याचे कान लाल झाले होते.

"खलास. बस झालं," मोठे अर्बाब म्हणाले.

त्यांनी पिस्तूल उचलून बाजूला ठेवलं. जमिनीवर हात टेकून उठायला लागले, नवरा धरायला गेला तर त्याला दूर सारलं. उभे राहायला त्यांना वेळ लागला. उभे राहिल्यावर त्यांनी चुलतभावाकडे तोंड केलं.

"माझ्यासाठी एक माणूस आयुष्यभर खोटं बोलला," ते म्हणाले. "आता दुसऱ्याला नाही बोलू देणार. रणगाडा माझ्या बापाने फोडला नाही. मी फोडला. आठ वर्षांचा असताना, नुसत्या तोंडाने."